दगड कुठं जातो

“दगड कुठं जातो?”

द्रुपदाकाकीनं हे तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा खानविलकर शेठ हसला. हसला म्हणजे आधी त्यानं दत्तारामदादाकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आम्ही दोघंही हसायच्या बेतात आहोत याची खात्री करून घेतली आणि मग हसला. दुकानदाराचं हसू असंच, गिऱ्हाइकाचं तोंड बघून फुटतं.

“मावशी, हे गवत कापायचं मशीन आहे. खडी फोडायचं नाही.”

“ते कळलं मला. गवतात दगड असतो. फिरत्या पात्याखाली दगड आला, तर तो जातो कुठं?”

“जातो कुठंतरी. दगडच तो.”

“कुठंतरी म्हंजे कुठं?”

मी मध्ये तोंड घातलं. आज बारा वर्षांनी ते वाक्य लिहिताना हात घाण झाल्यासारखा वाटतो, पण लिहितो. मी म्हणालो, “काकी, तुला यातलं काय कळतं? तुला सहीपुरती आणलीय. जा, सावलीत बस.”

ती सावलीत गेली नाही. पदर खोचून तिथंच उभी राहिली.

लांज्याच्या अलीकडं हायवेला लागून खानविलकरचं अवजारांचं आवार होतं. गणपती जाऊन आठवडा झाला होता, ऊन चटके देत होतं. आमच्या आंबेकोंडच्या काजू बागायतदार गटाला आदल्याच महिन्यात सरकारी योजनेतून चोवीस एचपीचा छोटा ट्रॅक्टर मिळाला होता. आता त्याच्या मागं लावायला स्लॅशर निवडायचा होता. स्लॅशर म्हणजे वरून लोखंडी डबा आणि आत आडवी फिरणारी दोन पाती. ट्रॅक्टरच्या मागच्या शाफ्टवर चालतो आणि समोर येईल ते गवत, झुडूप, कोवळं रान कापत जातो.

निवडायला आम्ही तिघं आलो होतो. दत्तारामदादा रामाणे गटाचा अध्यक्ष, वय साठ, गावातली सगळ्यात मोठी बाग त्याची. मी मुरारी घडशी, ट्रॅक्टर हाकणार आणि गटाची वही लिहिणार. शिक्षण नववी नापास. यंत्रातलं जे येतं ते उघडून, बिघडवून, परत जोडून आलेलं. लिहिण्यातलंही तसंच. आणि तिसरी द्रुपदाकाकी पाष्टे. योजनेच्या कागदावर ‘निवड समितीत किमान एक महिला’ असं छापलेलं होतं म्हणून.

काकीची स्वतःची बाग वीस कलमांची. पण गावातली एक बाग अशी नव्हती जिची बेणणी तिच्या हातून झाली नव्हती. पाऊस गेला की बागेत कमरेएवढं गवत उभं असतं, ते कापून झाडं मोकळी करायची, ती बेणणी. चाळीस वर्षं ती आठ बायका बरोबर घेऊन कोयतीनं डोंगर कापत आली होती. डाव्या डोळ्यात फूल पडलं होतं. तीन वर्षांपूर्वी पायरीवरून पडली आणि कुंपणाची काठी डोळ्यात गेली, असं गाव सांगायचं. तीही तेच सांगायची.

आता बेणणी कशी होणार होती तेही सांगतो. ट्रॅक्टर दोन ओळींच्या मधून पुढं जाणार आणि मागून या नऊ बायका चालणार. बुंध्याजवळचं गवत कोयतीनं काढायचं, पडलेलं गवत भाऱ्यात बांधून गुरांना न्यायचं. आमच्याकडं गवत कुणी रानात कुजू देत नाही. म्हणजे मशीन पसंत करायला दोन पुरुष, आणि त्या मशीनच्या मागं जीव घेऊन चालायला नऊ बायका. एवढी साधी गोष्ट माझ्या टाळक्यात शिरली नव्हती.

शेठनं आमच्यापुढं मांडलं होतं ते सहा फुटी. लालभडक, जाड पत्र्याचं, वरचा गिअरबॉक्स कलिंगडाएवढा. बघताक्षणी माझा जीव त्यात अडकला. शेडच्या कोपऱ्यात एक चार फुटी होतं. पिवळा रंग उन्हानं विटलेला, वर मांजर झोपलेलं.

“चोवीस घोडे आहेत तुमच्या ट्रॅक्टरला,” शेठ म्हणाला. “सहा फूट आरामात ओढतील. एका फेरीत अर्धी ओळ साफ. बेणणी आठ दिवसांत उरकते बघा.”

“आठ दिवसांत!” दत्तारामदादाच्या डोळ्यांत दिवे लागले.

मला माहीत होतं. ट्रॅक्टरबरोबर आलेली पुस्तिका मी तीनदा वाचली होती. इंजिनाचे चोवीस घोडे मागच्या शाफ्टपर्यंत पोचेस्तोवर वीस होतात, आणि एका फुटाला पाच घोडे तरी लागतात. हिशेब सरळ होता, चार फुटांच्या वर जायचं नाही. मी गप्प बसलो. का बसलो? तर गावातून जाताना मागं एवढं लाल लोखंड मिरवायचं होतं म्हणून. दुसरं कारण नाही.

“चोवीस घोडे,” काकी म्हणाली, “आनि लगाम या मुऱ्याच्या हातात?”

दत्तारामदादा खो खो हसला. “वहिनी, लगाम नाय, स्टेरिंग असतं त्याला.”

“तेच ते. लहानपणी याला बकरी आवरत नव्हती.”

बोलता बोलता ती आवारातल्या एका छोट्या ट्रॅक्टरपाशी गेली. आमच्यासारखाच होता. वाकली, आणि एका मागच्या चाकाच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या चाकाच्या बाहेरच्या कडेपर्यंत कोपर ते बोट असे हात मोजत गेली. मग लाल मशीन मोजलं. मग मांजर हुसकून पिवळं.

“ट्रॅक्टर अडीच हात,” ती म्हणाली. “हा लाल्या चार हात. म्हंजे दोनी अंगाला पाऊण पाऊण हात चाकाच्या भाईर. मुऱ्या, तू हाकताना चाकाकडं बगणार की मागच्या लोखंडाकडं?”

“समोर बघणार,” मी म्हणालो.

“म्हंजे बुंध्यांची सालटी निघणार. साल निघाली की खोडकिडा शिरतो. झाड उभ्यानं वाळतं.” मग पिवळ्यावर थाप मारून म्हणाली, “हे पावणेतीन हात. चाकाच्या भाईर दोन दोन बोटं. चाकानं दाबलेलं गवतही कापणार आनि झाडालाही लागणार नाय.”

शेठचं हसू जरा आटलं. हातानं मोजून कुणी त्याला असं सांगितलं नसावं. कंपनीच्या कागदावर हेच चार ओळींत लिहिलेलं असतं, इंचांत. मी वाचलेलं होतं आणि गिळून टाकलं होतं.

“वहिनी, लहान ते लहान,” दत्तारामदादा म्हणाला. “गटाच्या नावाला काय शोभेल ते बघा. शेजारच्या गावानं पाच फुटी घेतलाय.”

“गटाला बाशिंग बांधायचंय का भावोजी?”

ती पिवळ्याच्या मागच्या बाजूला गेली आणि गुडघ्यावर बसली. बराच वेळ उठेना. मला वाटलं पाठ धरली. जाऊन बघतो तर डब्याच्या मागच्या कडेवरून बोट फिरवत होती. कडेला एका रांगेत, करंगळी जाईल एवढी भोकं होती.

“शेठ, ही भोकं कसली?”

“कंपनीचीच आहेत.”

“कंपनीला हौस आली म्हनून पाडली नसतील. यांत काय बसतं?”

शेठनं मान खाजवली. “साखळ्या असतात हो. मागं-पुढं लोंबत राहतात, पडद्यासारख्या. ओल्या गवतात गुंतून बसतात, म्हणून लोक काढून टाकतात. आम्ही आधीच काढून ठेवतो.”

“कोन लोक?”

“हाकणारे.”

“मागनं चालनारे नायत ना?”

  काकी उठली, लाल मशीनच्या मागं गेली, वाकून बघितलं. तिथं भोकंच नव्हती. मागून सगळं उघडं.

“चालवून दाखवा,” ती म्हणाली. “दोनी.”

“मावशी, इथं कुठं—”

“शेडच्या पाठी गवत हाय की गुडघ्याएवढं. तुमचा ट्रॅक्टर हाय, हाकायला आमचा मुऱ्या हाय. लग्नाच्या बाजारात मुलगीसुद्धा चार पावलं चालवून बगतात.”

शेठ नाइलाजानं कबूल झाला. मी खूश. लाल मशीन आज हातात येणार होतं. ते जोडेपर्यंत काकीनं काय केलं, तर शेडच्या मागं पडलेल्या ढिगातून जांभ्या दगडाचे मुठीएवढे तुकडे ओटीत भरले, नारळाची चार सोडणं, म्हणजे वरची सालं, घेतली आणि गवतात पेरून आली. हो, पेरूनच. पेरणीला जसा हात फिरतो तसा तिचा हात फिरत होता.

“अहो, अहो! पाती बोथट होतील!” शेठ ओरडला.

“आमच्या बागेत काय गादी अंथरलीय? कातळ हाय सगळा. चला, त्या दगडी भिंतीच्या आड व्हा. शेठ, तुम्हीपन. भावोजी, डोकं खाली.”

“मला काय सांगता वहिनी, मी लांब उभा हाय.”

“लांब म्हंजे किती ते तुमाला ठाव नाय. या हितं.”

दत्तारामदादासारखा माणूस मुकाट भिंतीमागं गेला, हे मी पहिल्यांदा बघितलं.

मी ट्रॅक्टर चालू केला. लाल मशीन उचललं तेव्हाच पुढची चाकं हलकी झाल्याचं स्टेअरिंगला कळलं. मागं वजन जास्त, पुढं तोंड वर. जरा चढ आला तसं पुढचं चाक जमीन सोडून टपटप आपटलं. इंजिन गवतात कण्हायला लागलं. तरी मला मजा वाटत होती, लाज नसते माणसाला. आणि मग मागून टण्णकन आवाज आला. एकच.

मी शाफ्ट बंद केला, उतरलो. सगळे शेडच्या भिंतीकडं बघत होते. भिंत पत्र्याची, ट्रॅक्टरपासून चाळीस पावलांवर. तिला नवं भोक पडलं होतं, आत वळलेल्या कडांचं.

काकी दगडी भिंतीआडून निघाली, सरळ त्या भोकाशी गेली. भोक तिच्या कपाळाच्या उंचीवर होतं. तिनं त्यात बोट घातलं.

“इथं,” ती म्हणाली. “इथं जातो.”

 हायवेवरून एक ट्रक गेला.

“येताना दिसत नाय तो,” ती भोकाकडंच बघत म्हणाली. “मशीनच्या आवाजात ऐकूही येत नाय. लागल्यावरच कळतो.”

हे वाक्य माझ्या कानाला कुठंतरी खुपलं. पण तेव्हा मी घाईत होतो, कारण तिनं मला पुढचं काम लावलं होतं. शेठकडून साखळ्यांचं पोतं मागवलं. चार फुटीच्या भोकांत एकेक साखळी बोल्टनं बसवायची, मागं आणि पुढं. तासभर मी उन्हात घाम गाळला. एका जागी बोल्ट नव्हता म्हणून मी साखळी तारेनं बांधायला गेलो, तर म्हणाली, “तार तुझ्या इजारीला बांद. इथं बोल्ट लाव.” शेठला बोल्ट शोधायला आत पाठवलं. शेठ गेला! तोपर्यंत त्याचं ‘मावशी’ जाऊन ‘काकी’ झालं होतं, आणि आवाजातली थट्टा कुठं गेली कळलं नाही.

पिवळं मशीन जोडलं. तिनं परत दगड पेरले. ट्रॅक्टर या वेळी जमिनीला धरून चालला, इंजिन एका सुरात. डब्याच्या आत दगड आपटले, खडाड् खडाड्, साखळ्या खणखणल्या, आणि दगड तिथल्या तिथं मातीत पडले. दोन फेऱ्या मारल्या, पत्र्यावर दुसरं भोक नाही.

तिसऱ्या फेरीला मी सहज मागं वळून बघितलं. काकी मागून चालत होती. पंधरा-वीस पावलांवर, हातात कापलेल्या गवताची पेंढी, पदर खोचलेला, नेहमी बेणताना चालते तशी.

मी करकचून थांबलो. शाफ्ट बंद. “म्हातारे, मरायचंय का?”

“तूच विचार कर,” ती म्हणाली. “कातिकात ह्याच्या मागं आठ बायका चालनार. सावित्रीची सून पोटुशी हाय, तीही येनार, घरात बसनारी नाय ती. मी चालून बगितल्याशिवाय त्यांना चाल म्हनू कशी?”

मी खाली उतरलो आणि तिच्या हातातली पेंढी घेतली. 

परत येताना दत्तारामदादा टेम्पोत पुढं बसला. मी आणि काकी मागं हौद्यात, पोत्यावर. ती आणलेली चकली कुरतडत होती, आणि मला ते वाक्य आठवत होतं. लागल्यावरच कळतो. हे कुणाला माहीत असणार? ज्याला लागलाय त्याला.

“काकी,” मी म्हणालो, “तू पायरीवरून पडलीच नाहीस.”

ती चघळत राहिली.

“तुझा डोळा कशानं गेला?”

“खड्डा आला बग, धर नीट.”

“काकी.”

“जांभ्याची कपची,” ती म्हणाली. “एवढीशी. बोराएवढी.”

“कुणाच्या मशीनची?”

तिनं माझ्याकडं बघितलं, उजव्या डोळ्यानं. मग रस्त्याकडं बघितलं. गावात तेव्हा गवत कापायचं एकच मशीन होतं, खांद्याला अडकवून चालवायचा ग्रासकटर. तो दत्तारामदादानं आणलेला. आणि चालवणारा एकच माणूस होता.

“तू पुढं होतास,” ती म्हणाली. “भावोजीच्या वरच्या बागेत. कानाला ती आवाज अडवायची डबडी लावलेली, आनि मोठमोठ्यानं गात होतास. कसला भसाडा आवाज तुझा. मी मागं पेंढी उचलायला वाकले. मला वाटलं गांधीलमाशी डसली. मग हाताला पानी लागलं, बगते तर रगत. तू गातच होतास.”

 टेम्पो घाटातून वळणं घेत होता आणि मी हौद्याची कड धरून बसलो होतो.

“सांगितलं का नाहीस?”

“कुनाला?”

“मला! गावाला! कुणालाही!”

“सांगून काय झालं असतं? भावोजींनी दुसऱ्या दिवशी ग्रासकटर गोठ्यात टाकला असता. गावानं मशीनचं नाव टाकलं असतं. आमी नऊ जनी परत सगळा डोंगर कोयतीनं कापायला मोकळ्या. माजी कंबर बगितलीस कधी? उठताना कशी उठते ती? आनि तू. तू नुकता मुंबैहून आला होतास. खानावळीत ताटल्या धुऊन हाताची सालं गेली होती तुजी. पयल्यांदाच काय तरी मनापासून करत होतास.”

“म्हणून डोळा दिलास?”

“दिला नाय. गेला. गेल्यावर काय करायचं ते मी ठरवलं.” ती चिडली होती. “आनि मशीन वाईट नव्हतं मुऱ्या. मशीन पायजेच. पडदा नव्हता, एवढंच. म्हनून म्हटलं, पुढचं मशीन येईल तेव्हा आपुन बगायला जायचं. तीन वर्षं वाट बगितली. कागदावर बाई पायजे म्हनून छापलं नसतं ना, तरी मी आले असते. टेम्पोच्या मागं लोंबकळत आले असते.”

खरं सांगतो, मला तिचा राग आला. असं कुणी गप्प राहतं? मला जेवायला वाढताना, माझ्याशी थट्टा करताना, माझ्या आईच्या तेराव्याला आमच्या घरी भांडी घासताना, तीन वर्षं ही बाई त्या एका डोळ्यानं माझ्याकडं बघत होती आणि त्यात एकदाही काही दिसलं नाही. आणि सकाळी मी तिला म्हणालो होतो, तुला यातलं काय कळतं.

“माफी मागू नको,” ती म्हणाली. “माफी घेऊन मी काय करू. चकली खा.”

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी शाळेच्या पडवीत गटाची बैठक बसली. अकरा सभासद, शिवाय बघे. मी वही उघडून बसलो. काकी खांबाला टेकून बसली होती, बायकांच्या बाजूला.

दत्तारामदादानं काल सगळं डोळ्यांनी बघितलं होतं. भोकही बघितलं होतं. पण गावात परतल्यावर माणसाची छाती परत फुगते. त्यानं सुरुवातच केली, “दोन मशीनं बघितली. माझं मत सहा फुटीचं. मोठं मशीन, काम झपाट्यानं. दगडाचं म्हणाल तर बायकांनी जरा लांब राहायचं. चार फुटी म्हणजे अगदीच खेळणं. साखळ्या-बिखळ्या लागल्याच तर पुढच्या वर्षी बघू.”

दोघा-तिघांनी माना हलवल्या. अनंत भितळे म्हणाला, “बरोबर हाय. मोठंच घ्या.”

“मी चार फुटीला हो म्हनलंय,” काकी म्हणाली. “सही मी त्यालाच करनार. लांब राहिलो तर गवत कोन उचलनार? आनि लांब म्हंजे किती? काल चाळीस पावलांवर पत्रा फुटला, तो सांगा ना सगळ्यांना.”

“वहिनी, तो एखादा उडाला,” दादा म्हणाला, आणि मग लोकांकडं वळून हळू आवाजात, समजुतीनं, जे म्हणाला ते मी कधी विसरणार नाही. “त्यांचंही बरोबर हाय म्हणा. एका डोळ्यानं अधू. ज्याला नीट दिसत नाय तो प्रत्येक गोष्टीला भिणारच.”

मी उठलो. वही खाली पडली.

“भिते?” मी म्हणालो. “काल चालत्या मशीनच्या मागनं चालून दाखवलं तिनं, आणि आपण दोघं कुठं होतो दादा? मी वर बसलो होतो आणि तू भिंतीच्या आड होतास.”

“मुरारी, खाली बस.”

“बसत नाही. हिचा डोळा पायरीनं गेलेला नाही. माझ्या ग्रासकटरनं गेला. तुझ्या वरच्या बागेत गेला. मी पुढं गाणी म्हणत होतो आणि हिचा डोळा मागं फुटला. मला कालपर्यंत पत्ता नव्हता, कारण हिनं सांगितलं नाही. आणि अजून एक ऐका. सहा फुटी आपल्या ट्रॅक्टरला झेपत नाही. पुस्तिकेत लिहिलंय. मला माहीत होतं. मला मिरवायचं होतं म्हणून मी बोललो नाही. लिहून घ्यायचं तर हेही लिहून घ्या.”

 सावित्री, काकीच्या बायकांतली सगळ्यात जुनी, खाली मान घालून बसली होती. तिला माहीत होतं, एवढं मला त्या क्षणी कळलं. अनंत माझ्याकडं बघत होता, बाकीचे काकीकडं. दत्तारामदादाचा चेहरा राखेसारखा झाला.  बाग त्याची होती, मशीन त्याचं होतं.

“वहिनी,” तो शेवटी म्हणाला, “माझ्या बागेत? आणि तुम्ही…”

“झालं?” काकी माझ्याकडं बघून म्हणाली. इतकी रागावलेली मी तिला कधी बघितली नव्हती. “मोकळा झालास? तीन वर्षं मी तोंड मिटून बसले ती तू असं सगळ्यांपुढं बोंबलावंस म्हनून काय? विषय माज्या डोळ्याचा नाय, विषय मशीनचा चाललाय. वही उचल.”

मी वही उचलली.

“लिही. चार फुटी घ्यायचं.”

लिहिलं. कुणी विरोध केला नाही. दादानं मान खाली घालूनच हात वर केला, मग बाकीच्यांनी.

“साखळ्यांसकट. मागं आनि पुढं.”

लिहिलं.

“आनि साखळी जो काढील, मग तो कोन का असंना, त्यानं ट्रॅक्टरवर परत बसायचं नाय.”

“हे ठरावात नसतं गो काकी,” अनंत भीत भीत म्हणाला.

“आता असतंय.”

तेही लिहिलं. तिनं पुढं येऊन सही केली, सावकाश, एकेक अक्षर वर रेघ देऊन. मग दत्तारामदादानं केली.

त्या कार्तिकात बेणणी आठ दिवसांत झाली नाही, सोळा दिवस लागले. सावित्रीची सून पाचव्या महिन्यापर्यंत मागून चालली आणि मग काकीनंच तिला घरी बसवलं. तेव्हापासून बारा बेणण्या झाल्या. मागून चालणाऱ्या एकाही बाईच्या अंगावर ओरखडा नाही. साखळ्या दोनदा झिजल्या, दोनदा मी नव्या बसवल्या. काकी आता बेणायला येत नाही, गुडघे गेलेत तिचे. पण दर दसऱ्यानंतर मी मशीन बाहेर काढलं की काठी टेकत येते, मागं बसकण मारते आणि डब्याची एकेक साखळी ओढून बघते, बोल्ट हातानं पिळून बघते. माझ्या शब्दावर तिचा अजून विश्वास नाही, आणि ती बरोबर करते.